‘शोषण’ नेमकं कोणतं? मिठाच्या पाण्यात ऊर्जा साठवण्याची पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत कारखान्याची वाफ, वीज, थंडावा सांभाळणाऱ्या युटिलिटीवाल्यांपुढे ‘व्हॅम’ म्हटलं की फोड करून सांगावी लागत नाही. व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन, म्हणजे वाफ किंवा गरम पाण्याच्या उष्णतेवर चालून चिल्ड वॉटर, म्हणजे थंड पाणी, देणारं यंत्र. त्याची मुळं जुनी आहेत. १८१० च्या सुमारास एडिंबऱ्यात गंधकाम्लाला पाण्याची वाफ पाजून बर्फ करून दाखवला गेला. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये अमोनिया-पाण्याच्या यंत्राचं पेटंट झालं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत लिथियम ब्रोमाइड हे पाण्याची वाफ पिणारं मीठ आलं. एवढं पुरे.

आपल्याकडे गाडी खरी हलली ती ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारानंतर. १९९२ मध्ये भारत त्यात आला, थंडाव्याच्या यंत्रांतल्या सीएफसी वायूंचे दिवस भरले, आणि ज्यात पाणी हेच रेफ्रिजरंट, म्हणजे थंडावा देणारं माध्यम, आहे ते यंत्र एकदम शहाणपणाचं वाटू लागलं. पुढे भारनियमनाने उरलेलं काम केलं. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला मात्र शून्याच्या आसपास तापमान लागतं आणि तिथे पाणी गोठतं. म्हणून पिंपळगाव-दिंडोरीकडे अमोनियाचे कॉम्प्रेसरच राहिले.

वाफ पिणाऱ्या अशाच मिठाच्या पाण्याने हवाही कोरडी करता येते. तिथे घोळ झाला तो शब्दात. अ‍ॅब्सॉर्प्शन आणि अ‍ॅडसॉर्प्शन, देवनागरीत फरक एका ‘ब’ आणि ‘ड’चा. पहिल्यात ओलावा द्रवाच्या अंगात मुरतो, दुसऱ्यात घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटतो. परिभाषेत अवशोषण आणि अधिशोषण असे शब्द आहेत, पण व्यवहारात दोन्हींना ‘शोषण’च म्हणतात. (नुसतं ‘शोषण’ लिहिलं की कामगार चळवळीचा मजकूर वाटतो, ते वेगळंच.) हा भाषेचा कीस नाही. गोळ्या-कॅप्सूलच्या खोल्यांत हवा कोरडी ठेवायला सिलिका जेलचं चाक फिरतं; हे अधिशोषण. ते पुन्हा कोरडं करायला सहसा शंभर अंशांच्या वरची हवा लागते आणि चाक काही टाकीत भरून ठेवता येत नाही. अवशोषण करणारं लिथियम क्लोराइड या मिठाचं द्रावण मात्र ६० ते ८० अंशांना पाणी सोडून पुन्हा तयार होतं. ती उष्णता सोलर हीटर देतो, जनरेटरचं इंजिन थंड ठेवणारं जॅकेटचं पाणीही देतं. दुपारी घट्ट केलेलं द्रावण प्लास्टिकच्या टाकीत ठेवा, रात्री वापरा. टाकीला इन्सुलेशनही नको, कारण साठवलेली असते ती उष्णता नव्हे, द्रावणाची तहान. ज्याने दोन्हींना एकाच रकान्यात टाकलं, त्याच्या हिशेबातून साठवण हा मुद्दाच गळाला.

बचतीचंही तसंच. सिंगल इफेक्ट, म्हणजे उष्णता एकदाच वापरणारं, व्हॅम एक भाग उष्णतेवर साधारण ०.७ भाग थंडावा देतं. उष्णता वाया जाणारी असेल तर कमाई. त्यासाठी मुद्दाम इंधन जाळलं तर वीज वाचली, ऊर्जा नाही.

अलीकडे मिठाच्या पाण्याने हवा कोरडी करण्याची चर्चा कांद्याकडे सरकली आहे, आणि माझ्या मते तिथेच ती शोभते. चाळीतल्या कांद्याला ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. आषाढ-श्रावणात निफाड-लासलगावची हवा त्याहून कितीतरी ओली असते. लिथियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण हवा अकरा टक्क्यांपर्यंत कोरडी करू शकतं, पण कांद्याला एवढं कशाला? स्वस्त कॅल्शियम क्लोराइड तिशीपर्यंत नेतं, ते पुष्कळ झालं. अडचणी दोन. शोषलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे जवळपास ०.७ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता सुटते, ती बाहेर काढावी लागते. आणि हवेबरोबर उडालेले खारे थेंब चाळीचे लोखंडी अँगल खातात.