प्रसरण-फट

विनाइलचे, म्हणजेच पीव्हीसीचे, पॅनेल भिंतीवर बसवताना त्याच्या दोन्ही टोकांना मुद्दाम सोडलेली मोकळी जागा म्हणजे प्रसरण-फट. पॅनेल मापाबरहुकूम न कापता थोडे आखूड कापले की ती मिळते. साइटवर तिला नुसते ‘गॅप’ म्हणतात.

विनाइल साइडिंग, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवर बसवायचे पॅनेलचे आवरण, मूळचे उत्तर अमेरिकेतले. तिथल्या लाकडी सांगाड्याच्या घरांना बाहेरून ते बसवायला १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली. विटा-सिमेंटच्या बडोद्यात त्याचे फारसे काम नाही. इथे पीव्हीसी लागते ते ओल धरलेली भिंत झाकायला, गॅलरी बंद करायला, गच्चीवर आडोसा करायला. हा माल शहराला परका मात्र नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयपीसीएल’चे (इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन लिमिटेडचे) संकुल बडोद्यालगतच उभे राहिले आणि तिथे पीव्हीसीही तयार होऊ लागले.

पीव्हीसी उष्णतेने फार वाढते. एक मीटर लांबीचा तुकडा दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०६ मिलिमीटर लांबतो. पोलाद त्याच्या पाचव्या हिश्शाइतकेच, आणि वीट त्याहूनही कमी. म्हणजे ज्या भिंतीवर पॅनेल ठोकायचे ती जवळजवळ जागची हलत नाही आणि पॅनेल मात्र रोज हलते. अमेरिकेत साडेबारा फुटी पॅनेल वर्षभरात अर्धा इंच किंवा त्याहूनही जास्त लांबते-आखडते असे धरतात. बडोद्याचा हिशेब असा : जानेवारीच्या पहाटे भिंत १२ अंशांवर असते, मे महिन्यात दुपारी पश्चिमेचे ऊन थेट लागलेला पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. तीन मीटरच्या पॅनेलला हा फरक साडेआठ मिलिमीटरचा पडतो. रंग गडद असेल तर आणखी.

इथे सुताराचा हात आड येतो. सागाची चौकट जुळवणाऱ्याला सांधा दिसूच नये अशी शिकवण असते, आणि ती रास्तच आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते ते आडवे. लांबीला ते जवळपास तसेच राहते. पीव्हीसीचे उलट आहे, ते लांबीला धावते. लाकडाच्या सवयीने जानेवारीत घट्ट बसवलेले पॅनेल तेव्हा फार सुबक दिसते. एप्रिल लागला की मधोमध पोट काढते, भाजताना पापड फुगावा तसे. पुष्कळदा दोष मालाला दिला जातो. तो कापण्याच्या मापात असतो.

पॅनेलचे टोक ज्या इंग्रजी J आकाराच्या पट्टीत बसते ती जे-पट्टी. माप घ्यायचे ते दोन्ही बाजूंच्या जे-पट्ट्यांच्या तळापासून तळापर्यंत. ते ३००० मिलिमीटर भरले, तर प्रत्येक टोकाला ६ वजा करून पॅनेल २९८८ ला कापावे. अमेरिकी प्रघात पाव इंचाचा आहे, तोच हा. हवा साधारण ४ अंशांच्या खाली असेल तर तिथे ही फट ३/८ इंच ठेवतात. तेवढी थंडी बडोद्यात पडत नाही, पण पहाटेच्या गारव्यात सहाहून कमी सोडू नये. मे महिन्यात सहा सोडली तर हिवाळ्यात ती दहापर्यंत रुंदावते, तरी जे-पट्टीच्या पोटात झाकलेली राहते. शंका असेल तेव्हा जास्त सोडावी हे उत्तम.

कापताना गुण्या लावून रेघ मारावी. पत्र्याची कातर चालते, पण तिची पाती टोकापर्यंत मिटू देऊ नयेत, नाहीतर कड चिरते. गोल करवतीला बारीक दातांचे पाते उलटे लावण्याची रीत आहे. त्याने कड फुटत नाही. कापायचा माल उन्हात तापत ठेवू नये. तापलेल्या पॅनेलचे माप गार झाल्यावर तेच राहत नाही.

फट सोडूनही खिळा चुकला तर सगळे वाया. पॅनेलच्या वरच्या कडेला लांबट खाचा असतात. खिळा खाचेच्या मधोमध यावा आणि डोके पॅनेलवर दाबले जाऊ नये, एक मिलिमीटरभर सैल राहावे. बसवल्यावर पॅनेल हाताने डावी-उजवीकडे सरकवून पाहावे. सरकले तर काम ठीक. दोन पॅनेल्सचा जोड साधारण इंचभर एकमेकांवर चढवतात, तोही सरकता. फटीत सिलिकॉन भरण्याचा मोह पावसाच्या भीतीने होतो. तो आवरावा. पाणी अडवणारा थर पॅनेलच्या मागे असायला हवा.

ही युक्ती बडोद्याच्या जुन्या अनुभवातलीच आहे. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची गाडी सुरू झाली, प्रथम बैलांनी ओढलेली. रुळांच्या सांध्यात फट आणि बोल्टापेक्षा मोठे भोक ठेवण्याची रूळकामातली रीत आणि पॅनेलची फट व लांबट खाच यांचे तत्त्व एकच.

फटीने एक गोष्ट मात्र टळत नाही. विनाइल साधारण ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. समोरच्या इमारतीच्या आरसेदार काचेवरून परतलेले ऊन पॅनेलवर एकवटले, तर ते वितळल्यासारखे वाकते आणि गार झाल्यावर सरळ होत नाही. अशा भिंतीवर ते बसवूच नये.