आराखड्याच्या रेषेबाहेरचं इंदूर

इंदूरच्या एखाद्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी नर्मदेच्या पाण्यानं भरायला किती वीज लागते? हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. मंडलेश्वरजवळ जलूदला जिथून हे पाणी उचलतात, तिथं नर्मदा समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर आहे आणि इंदूर साडेपाचशेवर. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि चारशे मीटर उंची यांचा गुणाकार केला की 39 लाख ज्यूल येतात, म्हणजे जवळजवळ 1.1 युनिट वीज. हे झालं कागदावरचं किमान. प्रत्यक्षात विंध्याचा चढ आहे, सुमारे सत्तर किलोमीटर नळांमधलं घर्षण आहे, आणि कुठलाच पंप शंभर टक्के कार्यक्षम नसतो. दीडपट वीज धरली तरी ती उदार मनानं धरली असं म्हणायला हवं.

आता हाच हिशेब शहराला लावू. नर्मदा योजनेच्या तिन्ही टप्प्यांची मिळून क्षमता रोज सुमारे 54 कोटी लिटर, म्हणजे 5 लाख 40 हजार टाक्या. त्या भरायला आदर्श पंपांनीसुद्धा रोज 5.9 लाख युनिट लागतील. या विजेचा भार हलका करण्यासाठी इंदूर नगर निगमनं 2023 मध्ये हरित कर्जरोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले आणि जलूदलाच 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. कल्पना उत्तमच. पण सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीनं पाटीवरच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकी वीज देतो, असं धरण्याचा प्रघात आहे. तसं धरलं तर रोजचे 2.9 लाख युनिट हाती येतात. आदर्श पंपांच्या गरजेच्या निम्मे.

विकास आराखड्यांवरच्या लेखात पंपाचा हिशेब आधी मांडण्याचं कारण साधं आहे. वीस-पंचवीस वर्षांची एखादी प्रादेशिक योजना टिकाऊ आहे की नाही हे तिच्या उद्दिष्टांवरून कळत नाही. उद्दिष्टं सगळ्यांचीच चांगली असतात. ती योजना कशावर चालते, ते कुठून आणते आणि उरलेलं कुठं टाकते, यावरून कळतं. आणि इथं एक जुनी चलाखी आहे. हिशेबाची रेषा, म्हणजे कुठवरचं मोजायचं ती हद्द, जरा आत ओढली की कुठलंही शहर टिकाऊ दिसू लागतं.

‘टिकाऊ’ शब्द सैल आहे ही तक्रार खरी आहे. 1987 च्या ब्रुंटलंड आयोगाची व्याख्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, भाषणात शोभते; तिनं मोजमाप होत नाही. मोजता येतील असे नियम अर्थशास्त्रज्ञ हर्मन डेली यांनी 1990 च्या सुमाराला मांडले. पुन्हा भरून येणारी संसाधनं भरून येण्याच्या वेगाहून जास्त वेगानं वापरू नयेत. निसर्ग जेवढी घाण पचवू शकतो तेवढीच बाहेर टाकावी. आणि खनिज तेलासारखी संपणारी गोष्ट वापरायची तर तिचा पर्याय तितक्याच वेगानं उभा राहायला हवा. तिसऱ्या नियमाचं इंदूरपुरतं उत्तर वर आलंच: अर्धा पर्याय. पहिले दोन जास्त अडचणीचे आहेत.

पहिल्या नियमासाठी शहराचा जलइतिहास पाहावा लागतो. होळकरांच्या काळात इंदूरची तहान बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला या तलावांवर आणि घराघरातल्या विहिरींवर भागत होती. ते पुरेना, तेव्हा यशवंतराव होळकर दुसरे यांच्या काळात, 1939 मध्ये, गंभीर नदीवर यशवंत सागर झाला. तोही अपुरा पडला. 1970 च्या उन्हाळ्यात नर्मदा इंदूरला आणण्यासाठी मोठं जनआंदोलन झालं आणि 1978 मध्ये पाणी आलं. पुढे दुसरा टप्पा, तिसरा टप्पा, आणि चौथ्याची तयारी. दर वेळी प्रश्न सुटला, पण दर वेळी तो रेषा आणखी लांब नेऊन सुटला. शहराच्या कडेचा तलाव, मग शेजारची नदी, मग डोंगरापलीकडची. नर्मदेच्या पलीकडे घ्यायला चौथा स्रोत नाही.

त्यात नर्मदा बर्फावर पोसलेली नाही. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत ती सगळी पावसाची नदी आहे. वरची धरणं एका वर्षाचा तुटवडा झाकतात. ओळीनं दोन वाईट वर्षं आली तर काय, हा प्रश्न प्रत्येक टिकाऊपणाच्या परीक्षेत विचारायलाच हवा. शिवाय या पाण्याचे वाटेकरी ठरलेले आहेत. 1979 च्या लवादानं मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र यांचे हिस्से आखून दिले. मध्य प्रदेशाचा वाटा सर्वांत मोठा, पण त्यावर इंदूरबरोबर नर्मदाकाठच्या निमाडची शेतीही डोळे लावून बसली आहे.

बरं, पायाखालचं पाणी? ‘पग पग नीर’, पावलोपावली पाणी, ही माळव्याची ख्याती. ती खोटी नव्हती, फक्त तिचा साठा उथळ होता. माळव्याचं पठार बेसाल्टच्या थरांचं आहे. कातळात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. गंगेच्या मैदानासारखा शेकडो मीटर वाळूचा स्पंज इथं नाही. वरची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाझर मंदावतो. अशा जमिनीत बोरिंग खोल नेलं म्हणजे पाणी वाढतं असं नाही. बहुतेकदा शेजाऱ्याच्या भेगेतलंच आपल्याकडे येतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत इंदूर ‘अतिउपसा’ झालेल्यांत आहे, म्हणजे वर्षाला जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. डेलींचा पहिला नियम इथं सरळसरळ मोडलेला आहे.

आता लोकसंख्या. 1971 मध्ये शहरात साडेपाच लाखांच्या आसपास माणसं होती, 2011 च्या जनगणनेत 19.6 लाख. दरम्यान हद्दही वाढली हे खरं, तरी वेग वर्षाला सरासरी 3.1 टक्के पडतो. सत्तरला टक्केवारीनं भागलं की दुपटीची वर्षं मिळतात: साधारण बावीस. मास्टर प्लॅनचं आयुष्यही तेवढंच असतं. म्हणजे आराखडा संपेपर्यंत शहर दुप्पट झालेलं असतं, आणि आराखडा बनवणाऱ्यांपैकी बहुतेकजण निवृत्त. इंदूरचा 2021 सालापर्यंतचा मास्टर प्लॅन 2008 मध्ये लागू झाला. त्याची मुदत उलटली, तरी पुढचा आराखडा वर्षानुवर्षं तयारच होत राहिला. या मधल्या काळात शेतं बांधकामाखाली जायची थांबत नाहीत, हे बायपासच्या पलीकडे एक फेरी मारली तरी दिसतं.

दुसऱ्या नियमाकडे, म्हणजे घाणीकडे वळलं की रेषेची चलाखी जास्त उघडी पडते. इंदूर कचऱ्यात खरोखर हुशार आहे. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात ओळीनं पहिलं, 2022 मध्ये सुरू झालेला रोज 550 टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प. कौतुक करताना हात आखडू नये. गंमत अशी की हे शहराच्या जुन्या वळणाचंच आहे. होळकर दरबारासाठी 1918 मध्ये इंदूरचा अहवाल लिहिणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांचं म्हणणंच असं होतं की युरोपाच्या धर्तीवर सगळं गटारात सोडण्यापेक्षा ते मातीला परत द्यावं. पुढे 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथंच कंपोस्टची पद्धत बसवली. जगभरचे सेंद्रिय शेतकरी आजही तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात.

पण सांडपाण्याचा प्रवास वेगळा आहे. इंदूर नर्मदेचं पाणी घेतं, मात्र शहराचा उतार उत्तरेला आहे. वापरलेलं पाणी कान्ह नदीतून (जुने इंदूरकर खानच म्हणतात) उज्जैनजवळ क्षिप्रेत, तिथून चंबळेत, यमुनेत आणि गंगेत जातं. अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण आंघोळ करून बंगालच्या उपसागराकडे पाठवतो. इंदूरमध्ये प्रक्रिया केंद्रं झाली आहेत, 2021 मध्ये ‘वॉटर प्लस’ हा किताबही मिळाला. तरीसुद्धा 2028 च्या सिंहस्थासाठी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून कान्हचं पाणी बंद वाहिनीतून खाली नेऊन सोडण्याची योजना आखावी लागली. घाट स्वच्छ होतील यात शंका नाही. वाहिनीच्या शेवटच्या तोंडापाशी राहणाऱ्या गावांचा ताळेबंद कोण मांडणार, हे मला विचारावंसं वाटतं. डेलींचा नियम पचवण्याबद्दल आहे, वळवण्याबद्दल नाही.

म्हणूनच इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचं एक महानगर क्षेत्र करण्याची जी हालचाल चालू आहे (त्यासाठी मध्य प्रदेशानं 2025 मध्ये कायदा केला), तिच्याकडे मी थोड्या आशेनं पाहतो. घाण करणारं शहर आणि ती झेलणारं शहर निदान एका नकाशात येतील. देवासचा त्या नकाशातला अनुभव तर प्रत्येक नियोजनकारानं पाठ करावा असा आहे. 1990 मध्ये देवासला इंदूरहून रेल्वेनं पाणी पुरवावं लागलं होतं. वाघिणींनी पाणी! त्याच जिल्ह्यात 2006 पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा तुकडा खोदून शेततळी केली, त्यांना ‘रेवा सागर’ नाव दिलं, आणि त्यांची संख्या हजारांत गेली. पाणी आणण्याची रेषा लांब नेण्याऐवजी पाऊस पडतो तिथंच अडवला. शेततळ्यांनी शहराची तहान भागत नाही, आणि बोरिंगच्या पाण्यानं भरलेलं शेततळं तर उलट नुकसान करतं. पण डेलींच्या पहिल्या नियमात बसणारं काम या पट्ट्यात कुठलं, तर हे.

टिकण्याची आणखी एक बाजू आहे, तिचं समीकरण मांडता येत नाही. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग 2013 मध्ये सुरू झाला. 2024 च्या अखेरीस राज्य सरकारनं तो काढायचं ठरवलं आणि 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं मोकळीक दिली. त्याच वर्षी मेमध्ये मेट्रोचा सहा किलोमीटरचा पहिला तुकडा धावू लागला. बीआरटीएस चांगला की वाईट यावर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात रात्रभर वाद घालता येईल. मुद्दा एवढाच की काँक्रीट ओतून बांधलेला मार्ग बारा वर्षांत मोडीत निघाला. आराखड्यात अशा उलटसुलट निर्णयांची किंमत कुठल्याच रकान्यात नसते.

युरोपीय संघात 2001 च्या निर्देशानुसार प्रकल्पांबरोबर संपूर्ण योजना आणि आराखडेही पर्यावरणीय मूल्यांकनातून जावे लागतात, पर्यायांची तुलना करून. आपल्याकडची पर्यावरणीय मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना एकेका प्रकल्पापुरती पाहते. वसाहत वेगळी तपासली जाते, रस्ता वेगळा, कारखाना वेगळा. सगळे मिळून एकाच कातळातलं पाणी किती उपसणार हा बेरजेचा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही.

नियमाप्रमाणे आराखड्याचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी खुला करावा लागतो. महानगर क्षेत्राचा मसुदा येईल तेव्हा जमीनवापराचे रंगीत नकाशे त्यात असतीलच, आणि बहुतेक हरकती आपापल्या प्लॉटच्या रंगाबद्दल असतील. त्यांच्या जोडीला एक हरकत अशीही जावी: चारही जिल्ह्यांत पाऊस किती, मुरतो किती, नर्मदेतून येतं किती आणि किती युनिटांत, आणि वापरून झाल्यावर कुठल्या गावाखाली सोडतो, याचा तक्ता नसेल तर मसुदा परत पाठवा.