गुलाबी बोंडअळीचं घराणं: एका नावाखाली तीन कुळं

कापसाच्या पट्ट्यात 'बोंडअळी आली' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण कुठली आली हे विचारावंच लागतं, कारण आपण या एकाच नावाखाली तीन वेगळ्या कुळांतले पतंग बसवलेत. हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी नॉक्टुइडी कुळातली, ठिपक्यांची नोलिडी कुळातली आणि गुलाबी गेलेचिडी कुळातली. पहिल्या दोघींची निदान लांबची भावकी तरी लागते, गुलाबी मात्र पार दुसऱ्या घरातली. (आणि 'अमेरिकन' हे नावही फसवंच, ती मूळची इकडचीच, ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली ती २०१३ मध्ये.)

गेलेचिडी हे बारक्या पतंगांचं मोठं कुळ. साधारण ५०० वंश आणि ४,७०० च्या आसपास जाती, पंख पसरून मोजले तर बहुतेकांची रुंदी ८ ते २० मिलिमीटर. रंग मळकट, राखाडी नाहीतर तपकिरी, त्यामुळे दिव्याखाली बसलेला असला तरी कोणी वळून बघत नाही. ओळख दोन गोष्टींवरून पटते: तोंडापुढच्या मिश्या कोयत्यासारख्या वर वळलेल्या असतात, आणि मागच्या पंखाचं टोक बोटासारखं पुढे आलेलं असून त्याखाली कड आत गेलेली असते, भोवती लांब झालर. ज्या वंशावरून कुळाचं नाव पडलं त्या गेलेचिया शब्दाचा ग्रीकमधला अर्थ 'जमिनीवर झोपणारा'. कुळ म्हणून ते वेगळं काढलं गेलं १८५४ मध्ये, त्याआधी असले सगळे बारके पतंग दोनचार ढिगांत कोंबलेले असायचे.

आपल्या गुलाबीची पहिली शास्त्रीय नोंद भारतातलीच. १८४२ मध्ये भडोचकडच्या कापसावरचे नमुने इंग्लंडला गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे तिला नाव मिळालं, डिप्रेसारिया गॉसिपिएला. नंतर ती गेलेचियात गेली, मग प्लॅटीएड्रात, आणि १९१७ मध्ये तिच्यासाठी पेक्टिनोफोरा हा स्वतंत्र वंश काढला. पेक्टिनोफोरा म्हणजे कंगवा धारण करणारी, कारण स्पर्शिकेच्या बुडाशी ताठ केसांची कंगव्यासारखी ओळ असते. नवं नाव आलं तरी जुन्या पुस्तकांत आणि अहवालांत प्लॅटीएड्राच कितीतरी वर्षं चालू राहिलं, त्यामुळे जुना कागद हातात आला तर ही कोणी दुसरीच कीड असं समजू नये. मूळ कुठलं यावरही एकमत नाही. एक मत भारतीय उपखंडाचं, दुसरं ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं, कारण या वंशाच्या तिन्ही जाती तिकडे सापडतात.

जगभर ती पोचली सरकीतून. पूर्ण वाढलेली अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पोत्याबरोबर कुठेही जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती हिंदुस्थानच्या सरकीतून इजिप्तला गेली, तिथल्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्ससात. ही बियात शिरून बसायची सवय तिच्या घराण्यातलीच. २०१३ मध्ये डीएनए तपासून या कुळाची फेरमांडणी झाली, तिच्यात गुलाबी बोंडअळी आणि साठवणीच्या धान्यातला तो फिकट पिवळसर पतंग एकाच शाखेत बसले. ज्वारीचा, मक्याचा दाणा वरून धड दिसतो, हातात घेतला की पोकळ निघतो आणि त्याला गोल खिडकी असते, ते काम या पतंगाच्या अळीचं. एक कणगीत राहते, दुसरी बोंडात, जगायची रीत एकच.

बीटी कापसाचा, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाचा, सगळा घोळ मला इथूनच सुरू झालेला दिसतो. २००२ मध्ये एका जनुकाचं बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं, आणि गावोगावी ते विकलं गेलं 'बोंडअळीला चालतं' या एका वाक्यावर. तेव्हा सगळ्यांना धडकी भरवणारी होती ती हिरवी, आणि हिरवीवर ते खरंच चाललं. पण हिरवी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते, म्हणजे बीटी नसलेलं खाणं तिला शिवारात आपोआप मिळतं, तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. गुलाबीचं तसं नाही. तिला जवळजवळ कापूसच लागतो, फार तर भेंडीवर्गातलं एखादं झाड. शिवारभर बीटी म्हणजे तिच्या प्रत्येक पिढीवर तेच विष.

यावर उपाय म्हणून नियम होता, भोवती ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढं, साध्या कापसाचं आश्रयपीक लावायचं. बियाण्याच्या पिशवीत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं आणि ते बहुतेक बांधावरच पडून राहायचं, हे खरं आहे. दोष सगळा शेतकऱ्यावर टाकला जातो तो याच मुद्द्यावर. पण काही पिशव्यांत त्या पाकिटात साध्या कापसाऐवजी तुरीचं बी यायचं, हे कोणी बोलत नाही. तूर हिरवीसाठी आश्रयपीक आहे, गुलाबी तुरीला तोंडही लावत नाही, म्हणजे ज्याने नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला त्याच्याही शेतात गुलाबीच्या बाबतीत काहीच साधलं नाही. तूर चालेल हे ठरवताना डोळ्यासमोर एकच अळी होती असंच म्हणावं लागतं, आणि 'बोंडअळी' या सरसकट शब्दाने ती चूक झाकून ठेवली.

दुसरी गोष्ट संकरित वाणाची. संकरित झाडावरच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिच्यात जनुकांची वाटणी होते, म्हणजे एका जनुकाचा हिशेब धरला तर दर ४ सरक्यांत १ सरकी बिनविषारी निघते आणि दोन जनुकांच्या वाणात काही सरक्यांत एकच जनुक उरतं. पानं खाणाऱ्या अळीला याने फरक पडत नाही, पण सरकी खाणाऱ्या अळीला एकाच बोंडात विषारी, बिनविषारी सगळं शेजारीशेजारी मिळतं आणि तिची प्रतिकारशक्ती वाढायला याहून सोयीची जागा नाही. गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट भागात एका जनुकाला दाद न देणारी गुलाबी असल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, त्यानंतर पाचेक वर्षांत दोन जनुकांचंही तेच झालं, आणि २०१७ चा हंगाम विदर्भ, मराठवाडा, खानदेशात कोणी विसरलेलं नाही. उभ्या झाडावर बोंडं धड दिसत होती, फोडली की आत कवडी, म्हणजे किडका, न फुललेला कापूस. अमेरिकेत तेच जनुक, तीच अळी, पण तिथे आश्रयपीक, सापळे आणि नंतर नपुंसक केलेले पतंग सोडणं हे सगळं एकत्र चाललं आणि २०१८ मध्ये कापसाच्या पट्ट्यातून ती संपल्याचं जाहीर झालं.

फरदड (वेचणीनंतरही पाणी देऊन लांबवलेलं पीक) घेऊ नका, १ जूनच्या आत बियाणं विकू नका, डोमकळ्या (आत अळी शिरल्याने न उमललेली फुलं) वेचून नष्ट करा, हे सगळे सल्ले २०१७ नंतर जोरात आले आणि ते बरोबर आहेत, कारण ते गुलाबीचं जीवनचक्र बघून दिलेत. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आवारातले सापळेही त्यातलेच, सुप्त अळी सरकीबरोबर तिथे पोचलेली असते.

शब्दांचा असाच गुंता याच कुळातल्या दुसऱ्या पतंगाचा. २०१४ मध्ये पुणे, नगर, नाशिक, जळगाव भागात टोमॅटोवर टुटा सापडली, मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडची, १९१७ मध्ये वर्णन झालेली, २००६ मध्ये स्पेनमार्गे युरोपात शिरलेली. आपण तिला नागअळी म्हणतो, पण टोमॅटोवरची जुनी नागअळी ही माशीची अळी आणि लिंबावरची आणखी तिसऱ्याच कुळातल्या पतंगाची. २०२१ मध्ये तर टुटाचा वंशच बदलून तिला बटाटा पोखरणाऱ्या पतंगाच्या वंशात, फ्थोरिमियात, परत नेलं, जिथे ती १९१७ मध्ये होती. नव्या लेबलवर हे नाव दिसलं तर नवी कीड आली म्हणून घाबरू नका.

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारे सापळे, घेतानाही दुकानात नुसतं 'बोंडअळीचा ल्युअर द्या' म्हणू नये (ल्युअर म्हणजे सापळ्यात ठेवायची गंधाची गोळी). गुलाबीचा गंध वेगळा, १९७३ मध्ये ओळखला गेलेला, त्याला गॉसिप्ल्युअर म्हणतात, आणि हिरवीच्या ल्युअरवर गुलाबीचा नर येत नाही. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा आकडा गुलाबीचाच आहे, आणि चुकीचा ल्युअर लावलेल्या सापळ्यात तो कधीच गाठला जाणार नाही.