विजोड भाराला मिळणारी शक्ती

स्रोताचा अंतर्गत इम्पीडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) आणि भाराचा इम्पीडन्स एकमेकांशी जुळत नसताना भारात प्रत्यक्ष खर्च होणारी सरासरी शक्ती. आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) सर्किटांच्या सिम्युलेशनमध्ये ही राशी हमखास चुकीची वाचली जाते. स्रोत-पोर्टवर (सिम्युलेशनमध्ये सर्किटला शक्ती पुरवणाऱ्या घटकावर) भरलेला आकडा बहुधा ‘उपलब्ध शक्ती’चा असतो, म्हणजे जुळलेल्या भाराला स्रोत जास्तीत जास्त जेवढी देऊ शकतो तेवढी. भार बदलला तरी तो आकडा बदलत नाही.

१० व्होल्ट आरएमएसचा स्रोत आणि ५० ओहमचा अंतर्गत रोध घेऊ. व्होल्टेजच्या वर्गाला रोधाच्या चौपटीने भागले की उपलब्ध शक्ती ०.५ वॅट येते. ५० ओहमच्या भारावर ५ व्होल्ट पडतात आणि ही सगळी शक्ती त्याला मिळते. भार १०० ओहमचा केला तर व्होल्टेज ६.६७ पर्यंत चढते, शक्ती मात्र ०.४४४ वॅटवर उतरते. परावर्तन गुणांक, म्हणजे परतणाऱ्या लहरीचे आपाती (भाराकडे जाणाऱ्या) लहरीशी प्रमाण, १/३; त्याचा वर्ग, म्हणजे परतणाऱ्या शक्तीचा हिस्सा, १/९. म्हणून ८/९ शक्ती पोहोचते आणि घट ०.५१ डेसिबेल. २५ ओहमलाही तेवढीच मिळते, फक्त गुणांक उणे होतो.

मग उरलेला नववा हिस्सा गेला कुठे? तो परतून स्रोताच्या रोधात जळतो, असे सर्रास सांगितले जाते. याच सर्किटात ते पडताळता येते आणि टिकत नाही. अंतर्गत रोधात जुळलेल्या भाराच्या वेळी ०.५ वॅट खर्च होतात, १०० ओहमला ०.२२२ आणि २५ ओहमला ०.८८९, परावर्तन दोन्हीकडे सारखेच असूनही! टोके उघडी ठेवली तर परावर्तन पूर्ण, पण प्रवाहच नसल्याने रोध थंड. परावर्तित शक्ती ही आपाती लहरीतून करायची वजाबाकी आहे. स्रोत किती तापेल, हे तिच्यावरून कळत नाही.

बर्कली विद्यापीठातून १९७३ मध्ये आलेल्या स्पाइस या सर्किट-सिम्युलेशन प्रोग्रामच्या परंपरेत साइन स्रोताचा आकडा शिखरमूल्य (आरएमएसच्या √२ पट) असतो. तिथे १० लिहिले तर वरची उपलब्ध शक्ती निम्मी, ०.२५ वॅट होते. ० डीबीएमसाठी (१ मिलिवॅटसाठी) ५० ओहमच्या जुळलेल्या भारावर ०.३१६ व्होल्ट शिखर लागते, पण स्रोतात त्याच्या दुप्पट, ०.६३२ भरावे लागते. तसे न केल्यास ६ डेसिबेल कमी मिळतात. उलट दिशेचा घोळ व्होल्टेजवरून शक्ती काढणाऱ्या डीबीएम फंक्शनचा. त्याला नुसते व्होल्टेज दिले की ते बऱ्याचदा ५० ओहम गृहीत धरते. आपल्या १०० ओहमच्या भाराला मग ते ०.८८९ वॅट देऊन मोकळे होते, म्हणजे उपलब्धपेक्षाही जास्त. साध्या रोधाने ‘गेन’ (शक्तीत वाढ) दाखवला तर आधी इथे पाहावे. खात्रीचा मार्ग एकच : भारावरील व्होल्टेज आणि त्यातून जाणारा प्रवाह घेऊन, शिखरमूल्ये असल्यास, व्होल्टेज गुणिले प्रवाहाची संयुग्मी (काल्पनिक भागाचे चिन्ह उलटवलेली संख्या) याच्या वास्तव भागाची निम्मी किंमत काढणे. ट्रान्झियंट (काळानुसार चालणाऱ्या) विश्लेषणात दोहोंच्या गुणाकाराची सरासरी पूर्ण आवर्तनांवर घ्यावी.

स्रोताचा इम्पीडन्स संमिश्र (रोधासोबत ‘जे’ने दाखवलेला काल्पनिक भाग असलेला) असेल तर नेहमीचा परावर्तन गुणांकही फसवतो. स्रोत ५० अधिक जे५० आणि भार ५० उणे जे५० ओहम असेल, तर ५० ओहमच्या संदर्भाने २० टक्के शक्ती परावर्तित दिसते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांचे संयुग्मी असल्याने उपलब्ध शक्ती पूर्णच्या पूर्ण भाराला मिळते. अशा ठिकाणी कानेयुकी कुरोकावा यांनी १९६५ च्या लेखात मांडलेल्या, स्रोताच्याच इम्पीडन्सच्या संदर्भाने मोजलेल्या शक्ती-लहरी वापरतात. त्यांचा गुणांक या जोडीसाठी शून्य येतो.