परदेशी संस्थेसोबत दीर्घकालीन परिसंस्था संशोधन : मुंबईतल्या संशोधकांसाठी अर्जाची माहिती

ठाणे खाडीतला मूठभर गाळ परदेशातल्या सहकाऱ्याला तपासायला पाठवायचा असला, तरी त्यात सूक्ष्मजीव असल्यामुळे जैवविविधता कायदा, २००२ नुसार तो जैविक संसाधनात मोडतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधीच ठरवा : देशाबाहेर नेमकं काय जाणार आहे? नमुने, की फक्त निष्कर्ष?

मंजुरी कोणाला लागते? परदेशी नागरिक किंवा परदेशी संस्थेला संशोधनासाठी जैविक संसाधन मिळवायचं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. अनेकांच्या लक्षात येत नाही, पण आयकराच्या व्याख्येनुसार अनिवासी असलेला भारतीयही याच गटात येतो. दादरची मुलगी परदेशात पीएचडी करत असेल, तर तिचं नाव अर्जात घालण्याआधी हे तपासाच. संशोधनाचे निष्कर्ष अशा व्यक्तींना किंवा संस्थांना द्यायलाही मंजुरी लागू शकते. शोधनिबंध प्रसिद्ध करण्यासाठी मात्र वेगळी तरतूद आहे.

दोन्ही देशांतल्या संस्थांचा सहयोगी प्रकल्प केंद्र सरकारच्या धोरणानुसार असेल आणि त्याला केंद्राची मान्यता असेल, तर जैवविविधता कायद्याच्या कलम ५ खाली या पूर्वमंजुरीतून सूट मिळते. मान्यतेचं पत्र हाती येईपर्यंत ती सूट गृहीत धरू नका.

वनखात्याची परवानगी वेगळी असते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं, तर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. प्राणी-पक्षी पकडायचे असतील, तर कलम १२ लागू होतं. अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्रजातीसाठी केंद्राची पूर्वपरवानगीही हवी.

कागदपत्रं : प्रकल्प प्रस्ताव, दोन्ही संस्थांचा करार, संशोधकांची माहिती, जागांचा नकाशा, कालावधी. प्रजातींची नावं आणि नमुन्यांचं प्रमाण नेमकं लिहा. ‘आवश्यकतेनुसार’ असं लिहिलं की प्रश्न येणारच. परदेशी सहकारी इथे येऊन काम करणार असेल, तर पर्यटक व्हिसा चालत नाही, संशोधन व्हिसा काढावा लागतो. परदेशी निधी संस्थेच्या खात्यात येणार असेल, तर परकीय योगदान कायद्याचे नियम आधी पाहा.

आता मुदतीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त हयगय इथे होते. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरच्या भूखंडावर १९८८ पासून झाडांची नोंद चालू आहे. १ सेंटिमीटर जाडीचं खोडसुद्धा त्यातून सुटत नाही. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरही तेवढ्याच भूखंडात अशीच मोजणी होते, म्हणून दोन खंडांतली जंगलं शेजारी ठेवून पाहता येतात. अशा कामात एक हंगाम चुकला, तर तो परत मोजता येत नाही. परवान्याला मात्र मुदत असते, आणि अर्ज करणारा विद्यार्थी तोवर पदवी घेऊन निघून गेलेला असतो. म्हणून अर्ज संस्थेच्या कायम पदावरच्या व्यक्तीच्या नावाने करा, नूतनीकरणाची तारीख करारातच लिहा आणि मंजुरीपत्राच्या अटींची एक प्रत क्षेत्रकामाच्या पिशवीत ठेवा. उद्यानाच्या फाटकावर पहिल्यांदा तीच मागतात.