इको शिकायची आहे? कोर्सची फी भरण्याआधी नोंदणीचे नियम वाचा

दोन-तीन महिन्यांचा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कोर्स केला, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं, मशीनचा ॲडव्हान्सही देऊन टाकला, आणि मग सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीचा अर्ज भरला, असे डॉक्टर दरवर्षी भेटतात. अर्ज फेटाळल्याचा फॉर्म सी हातात पडला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "मी तर हृदय बघणार, गर्भलिंग निदान कायद्याचा माझ्याशी संबंध काय?"

संबंध आहे. 1994 चा पीसीपीएनडीटी कायदा, म्हणजे हाच गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा, तुम्ही कोणता अवयव बघता हे विचारत नाही, तुमच्या मशीनला गर्भाचं लिंग दिसू शकतं का हे विचारतो. इकोचं मशीन म्हणजे शेवटी सोनोग्राफीचंच मशीन. "माझ्याकडे फक्त कार्डिॲक प्रोब (अंगावर टेकवायचा मशीनचा भाग, हृदयासाठीचा) आहे" हा युक्तिवाद काउंटरवर बऱ्याच जणांनी करून पाहिलाय, त्यानं काही हलत नाही. तेव्हा वाद घालण्यात वेळ न घालवता नोंदणीच्या तयारीला लागा.

आधी पात्रता. सगळ्यात जास्त अर्ज इथंच अडकतात.

कायद्यातला 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे ॲलोपॅथीची मान्यताप्राप्त पदवी असलेला आणि राज्याच्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. बीएएमएस, बीएचएमएस झालेले यात बसत नाहीत. त्यांना हे सांगताना वाईट वाटतं, कारण कोर्स चालवणारे प्रवेश देताना हे सांगत नाहीत आणि फी मात्र पूर्ण घेतात. सोनोग्राफी केंद्रावर मशीन चालवणाऱ्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरकडेही नियमाप्रमाणे पदव्युत्तर पदवी किंवा पदविका हवी, नाहीतर 2014 च्या नियमांनुसार घेतलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण.

नुसतं एमबीबीएस असलेल्यांनी या सहा महिन्यांकडे नीट बघावं. हे प्रशिक्षण 300 तासांचं आहे आणि ते पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं आहे. त्यात हृदय नाही. म्हणजे हृदयाची तपासणी करायची म्हणून पोटाचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि खरी इको वेगळी शिकायची. नियम करताना हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. पण आज नियम तसा आहे. खाजगी संस्थेचा 'ॲडव्हान्स्ड इको'चा कोर्स कितीही चांगला असो, त्याचं प्रमाणपत्र या सहा महिन्यांच्या जागी चालत नाही. उलटंही तितकंच खरं: ते 300 तास पूर्ण केले म्हणून इको येत नाही. प्रोब छातीच्या डाव्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या फासळीच्या फटीत ठेवायचा, मार्कर (प्रोबवरची खूण) रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे, रुग्ण डाव्या कुशीवर. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण लठ्ठ माणसात किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णात तोच लाँग ॲक्सिस व्ह्यू, म्हणजे हृदयाचं लांबीतलं दृश्य, मिळवायला हात महिनोन्महिने बसवावा लागतो. तेव्हा शिकण्याचं आणि परवानगीचं, अशी दोन वेगळी खाती मनात ठेवा.

एमडी मेडिसिन, डीएम कार्डिओलॉजी झालेल्यांचा पात्रतेचा प्रश्न सहसा सुटतो, पण ते भलत्याच कागदावर अडकतात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्यांची एमबीबीएसची नोंद असते, एमडीची नसते. पदवी मिळाली, कामाला लागले, अतिरिक्त अर्हतेची नोंद करायची राहून गेली. अर्जाला पदवीचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं, आणि तपासणारा परिषदेचं प्रमाणपत्र मागतो. शिवाय परिषदेच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ते संपलेलं असलं की फाइल तिथंच थांबते. अर्ज करण्याआधी हे दोन कागद काढून तारखा बघा. बाकी सगळं नंतर.

आता शिकण्याच्या काळातला धोका, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. ओळखीच्या सेंटरवर संध्याकाळी जाऊन पेशंटवर हात बसवायचा, पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत, ही पद्धत सर्रास आहे. कायद्यात स्पष्ट म्हटलंय की पात्रता नसलेल्या व्यक्तीची सेवा केंद्रानं पगारावर घेऊ नये आणि मानद म्हणूनही घेऊ नये. म्हणजे "सर, मी फुकट शिकायला येतो" ही पळवाट नाही. पात्रता असलेल्यांचंही नाव त्या केंद्राच्या नोंदणीत लागलेलं हवं. केंद्राच्या सरकारी तपासणीच्या दिवशी प्रोब तुमच्या हातात सापडला तर तुमच्यापेक्षा तुमच्या सरांची जास्त अडचण होईल. कोर्स निवडताना विचारा: पेशंटवर प्रत्यक्ष हात कुठं बसवून घेणार, आणि तिथं आमचं नाव कळवलेलं असेल का? उत्तर गोलमोल आलं तर सिम्युलेटर असलेली जागा शोधा.

मशीनचंही तसंच. नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी मशीन विकायला कायद्यानं बंदी आहे, आणि फॉर्म ए मध्ये, म्हणजे नोंदणीच्या अर्जात, मशीनची कंपनी आणि मॉडेल लिहायला सांगितलंय. आधी मशीन की आधी नोंदणी? कंपनीकडून कोटेशन घ्या, त्यावरचं मॉडेल अर्जात लिहा, आणि फॉर्म बी (नोंदणीचं प्रमाणपत्र) हातात येईपर्यंत डिलिव्हरी घेऊ नका, सेल्समननं "डेमो म्हणून ठेवून जातो" म्हटलं तरी नाही.

खिशात मावणारे, मोबाइलला जोडायचे प्रोब हल्ली परदेशातून येतात. अमेरिकेतला भाऊ येताना घेऊन आला, असं सहज सांगतात लोक. पोर्टेबल मशीन वापरायला नियमात दोनच वाटा आहेत: जिथं ते नोंदलंय त्या आवारात, भरती असलेल्या रुग्णांसाठी; किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. व्हिजिटला जाताना गाडीत टाकून नेणं यात बसत नाही. सराव म्हणून घरी आईची इको करणंही बसत नाही.

अर्जाची बाकीची प्रक्रिया सरळ आहे. फॉर्म ए दोन प्रतींत, लिंगनिदान करणार नाही असं प्रतिज्ञापत्र, आणि फी: फक्त सोनोग्राफी केंद्र असेल तर 25,000 रुपये, अनेक सेवा एकत्र देणारं रुग्णालय असेल तर 35,000. अर्ज जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिका हद्दीत पालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे. त्यानंतर जागेची तपासणी आणि सल्लागार समिती. तपासणीला येणारे दोन गोष्टी हमखास बघतात: 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहे का, आणि कायद्याची व नियमांची छापील प्रत जागेवर आहे का. दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी दुसरी फेरी पडू देऊ नका.

नोंदणी मिळाल्यावर एक नियम जुनेजाणते हमखास चुकीचा सांगतात. डॉक्टर, पत्ता किंवा मशीन बदलल्यावर तीस दिवसांच्या आत कळवायचं, असा नियम पूर्वी होता. 2012 पासून तो उलटा झालाय: बदल करण्याच्या किमान तीस दिवस आधी कळवायचं आणि सुधारित प्रमाणपत्र मागायचं. सीनियरच्या सांगण्यावर विसंबून नवं मशीन बसवलं आणि पंधराव्या दिवशी पत्र नेऊन दिलं, तर ते पत्रच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतं. त्याच वर्षी दुसरी मर्यादा आली: एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नाव लावता येतं, वेळा लिहून देऊन. आठवड्याला पाच तालुक्यांत इकोचे कॅम्प करायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

नोंदणी पाच वर्षं चालते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी, निम्म्या फीसह. गरोदर बाईची इको करायची वेळ येणारच. तिच्या नोंदी कशा ठेवायच्या हे नोंदणी देणाऱ्या प्राधिकाऱ्यांना लेखी विचारून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको.

आणि अर्ज फेटाळला गेलाच, तर फी परत मिळत नाही. पण नाकारल्यापासून 90 दिवसांत त्याच केंद्रासाठी पुन्हा अर्ज केला तर नवी फी लागत नाही. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही आणि लोक दुसऱ्यांदा 25,000 चा डीडी काढून येतात. अपील करायचं असेल तर त्याला वेगळी, तीस दिवसांची मुदत आहे. फॉर्म सी मिळाला की त्यावर आवक तारीख टाका, कारणं कागदानिशी दूर करा, आणि नव्या अर्जाला जुन्या डीडीची झेरॉक्स जोडा.