मॉरिसन्स जिग आणि पॅडी फाहीज जिग: नावातला माणूस नेमका कोण?

'भीमसेनजींचा अभंग' आणि 'तुकोबांचा अभंग' हे दोन्ही आपण सहज बोलतो आणि कुणाचाही घोटाळा होत नाही. एकीकडे 'चा' गाणाऱ्याचा, दुसरीकडे रचणाऱ्याचा. आयरिश धुनांच्या नावांतही हेच होतं, पण तिथं मात्र चांगले वाजवणारेही फसतात. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) किंवा टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी हातात घेतलेल्याला 'मॉरिसन्स जिग' लवकरच भेटते. जिग म्हणजे आयरिश नाचाच्या धुनांचा एक प्रकार. मग कार्यक्रमात निवेदन येतं, 'आता जेम्स मॉरिसन यांची रचना.' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राहवत नाही. ती त्यांची रचना नाही.

तालाचं थोडक्यात आटपतो. इथल्या दोन्ही धुना डबल जिग आहेत, म्हणजे दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन गट. मॉरिसन्सची स्वरांची ठेवण काफी थाटाजवळची. हे वाजवणाऱ्यांना ठाऊकच असतं.

आता मॉरिसन. स्लायगो परगण्यात रिव्हरस्टाउनजवळ १८९३ साली जन्म, १९१५ मध्ये अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये फिडल वाजवायचे आणि शिकवायचे, त्यावरूनच लोक त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. १९२१ पासून त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या निघू लागल्या. टॉम कार्मोडी हे केरीचे अकॉर्डियनवादक त्यांच्यासोबत वाजवायचे. १९३६ च्या ध्वनिमुद्रणासाठी कार्मोडींनी त्यांना आपल्या वडिलांची आवडती जिग दिली. घरी तिचं नाव होतं 'द स्टिक अक्रॉस द हॉब'. हॉब म्हणजे चुलीच्या कडेचा, भांडी ऊन ठेवायचा कट्टा. वडिलांचं नाव मॉरिस, म्हणून तबकडीवर 'मॉरिस कार्मोडीज फेव्हरिट' असं छापलं गेलं. (मॉरिस आणि मॉरिसन या नावांच्या सारखेपणात अडकू नका, माणसं वेगळी आहेत.)

म्हणजे मॉरिसन यांनी ही धून स्वतःच्या नावावर घेतली नव्हती. ज्यांच्या घरातून ती आली त्यांचंच नाव लावलं. पण अशा तबकड्या आयर्लंडमध्येही पोचत, लोक त्या ऐकून धुना बसवत, आणि ज्याच्या फिडलवर धून ऐकली त्याचंच नाव तिला चिकटे. 'मॉरिसन्स'मधला इंग्रजी 's' म्हणजे आपला 'चा', आणि इथला 's' पोचवणाऱ्याचा आहे.

पॅडी फाहीज जिगमधला 's' मात्र रचणाऱ्याचा. पूर्व गॉलवेतल्या किलकॉनेलचे पॅडी फाही यांनी जिग आणि रील, हॉर्नपाइप हे नाचाच्या धुनांचे दुसरे प्रकार मिळून कितीतरी धुना केल्या, पण त्यांना नावंच दिली नाहीत. बाजारात स्वतःची एकही ध्वनिमुद्रिका आणली नाही. त्यांच्या हळव्या, संथ ओढीच्या धुना इतर वादकांनी उचलल्या, फिडलवादक मार्टिन हेज यांच्यासारख्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि प्रत्येकीचं नाव पडलं 'पॅडी फाहीज'. म्हणूनच 'पॅडी फाहीज जिग' ही एक धून नाही. कोणती ते सांगायला क्रमांक द्यावा लागतो किंवा सुरुवातीच्या दोन ओळी वाजवून दाखवाव्या लागतात.

आणि इथं उलटी चूक होते, जी मला जास्त लागते. नाव मॉरिसन्ससारखंच, जुन्या वळणाचं, म्हणून श्रेयात 'पारंपरिक' लिहून मोकळं होतात. फाही २०१९ पर्यंत हयात होते. ज्याने धून केली तो माणूस गावात शेती करत असताना तिला बेवारस ठरवणं हा निव्वळ अन्याय आहे. मॉरिसन यांना नको ते श्रेय दिलं तर माहिती चुकते. फाहींचं श्रेय काढलं तर माणसाचं काम हिरावलं जातं.

आपल्या बंदिशींत 'सदारंग' किंवा 'प्रेमपिया' ही मुद्रा शब्दांतच असते, त्यामुळे गाणारा कुणीही असो, रचनाकार सापडतो. जिगला शब्द नसतात, मुद्रा कुठं घालणार? म्हणून प्रत्येक धुनेमागचा माणूस वेगळा शोधावा लागतो. मी मॉरिसन्सच्या श्रेयात 'पारंपरिक, टॉम कार्मोडींकडून जेम्स मॉरिसन यांच्याकडे' असं लिहितो. फाहींच्या जिगपुढे 'रचना: पॅडी फाही', एवढंच.